लिपलेली भिंत

ओल्या शेणाचा वास आला की दिग्रसकडचं ते कुडाचं घर आजही डोळ्यांपुढे येतं, आणि मी तेव्हा बरोबर वागलो की चूक, हा घोळ पुन्हा सुरू होतो. निवृत्त झालो तरी तो सुटलेला नाही. नावं लिहीत नाही. त्या माणसांना आम्ही आधीच पुरेसं कागदावर चढवलं आहे.

जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. कोणता नमुना जुना, कोणता नवा, यातच ठाण्याचा निम्मा दिवस जाई. मी नवा फौजदार. नोकरीआधी सभांची पत्रकं लिहून वाटायचो. अन्याय दिसला की पेटायचं, एवढंच शिकलेलो.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. एका सकाळी गावचा कोतवाल पोलीस पाटलाचा कागद घेऊन आला. आदल्या दुपारी एका शेतकऱ्याने घरात शिरलेल्या अनोळखी माणसाला उभारीने, म्हणजे बैलगाडीच्या कडेला उभ्या लावतात त्या दांड्याने, मारलं होतं. माणूस मेला होता.

ठाण्याचे जमादार आणि मी, आम्ही गाव गाठलं. पाणी पाजायला म्हणून लोकांनी त्या माणसाला बाहेर आणलं होतं. प्रेत अंगणातल्या खाटेवर होतं. घरधनी ओट्यावर बसून होता. दाराशी एक विळा पडलेला. 'विळा घरचा' असं जमादारांनी पंचनाम्यात लिहूनही टाकलं. विळा कोणाच्या घरात नसतो?

"चोर आला कुठून?" मी विचारलं.

"मांगून. भित फोडून."

मागची भिंत गुळगुळीत होती. जमादार हसले. "कोणती भित गा? का चोरच जाता जाता लिपून गेला?"

"जाता जाता कसा? थो तं खाटेवर हाय," घरधनी म्हणाला. जमादारांचं हसू थांबलं.

शेजारणीने सांगितलं की दुपारी दाराला बाहेरून कुलूप होतं. कुलूप बाहेर, माणूस आत. जमादारांचा निकाल तयार झाला: घरधनी आत दबा धरून बसला, त्याला गाठून मारलं. शिवाय आमच्या दप्तरात त्याच घरधन्याच्या चोरीच्या दोन जुन्या फिर्यादी होत्या. दोन्ही वेचणीतल्या, दोन्ही दिवसाढवळ्या. दोन्हींवर शेरा: 'भिंत शाबूत. घरफोडीची खूण नाही. फिर्याद संशयास्पद.' दुसऱ्या शेऱ्याखाली सही माझी. तेव्हा मी तिसऱ्या दिवशी गेलो होतो, भिंतीकडे पाहिलं होतं आणि चहा पिऊन परतलो होतो.

खुनाच्या कलमाखाली त्याला अटक केली. ठाण्यात दोन दिवस विचारपूस झाली.

"भरदुपारी घरात काहून थांबला होतास?"

"असाच."

"कुलूप कोणी लावलं?"

"बायकोनं. वेचाले जाताना लावते थे."

"घाव किती घातले?"

"दोन."

यापुढे तोंड बंद. माझं डोकं फिरलं. पिनल कोड म्हणतो, रात्री कोणी घर फोडत असेल तर घरधन्याला प्रसंगी जीव घेण्यापर्यंत हक्क आहे. दिवसा मात्र जिवाची किंवा जबर दुखापतीची खरी भीती होती हे दिसलं पाहिजे. आणि गरजेपेक्षा जास्त इजा कधीच चालत नाही. पण आमच्याकडे चोर रात्री येईल कशाला? रात्री घरात सगळे असतात. वेचणीत दुपारी गाव ओस पडतं. हे कलम लिहिणाऱ्याने कापसाचं शेत पाहिलं होतं का?

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात कोतवालाने मला गाठलं. खाली बघतच म्हणाला, "साहेब, तुमी सारे कुलूप पाहून राह्यले. भितीचा वास घ्या ना एकडाव."

तसाच गेलो. भिंत नखाने खरवडली. पोपडा आतून ओला होता. घरधनीण धावत आली. "हात नोका लावू साहेब! तवाच लिपली."

"काहून लिपली?"

"मंग भोकाड ठेवू? थंडी पाहा कशी हाय. अंदर बाळंतीण हाय."

बाळंतीण! पंचनामा आम्ही बाहेरूनच उरकला होता, आत पाऊल टाकलं नव्हतं. आतल्या खोलीत भरदुपारी अंधार. बाजेवर त्यांची मुलगी, कुशीत आठ दिवसांचं मूल. वेचणी बायकांची, म्हणून आई शेतात आणि बाप पोरीजवळ. परकं कोणी आत येऊ नये म्हणून बाहेरून कुलूप. त्याच कुलपाने चोराला घर रिकामं सांगितलं.

"आधीच्या दोन वेळांना?"

"तवाबी लिपली. घराले भोक ठेवून कोणी झोपते काय? तुमी तं तिसऱ्या दिवशी आले."

मग पंच बोलावून भिंत खोदली. तीन ठिगळं निघाली. कुडातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काटक्या, बाहेरून कापलेल्या. सर्वांत ताज्या ठिगळात विळ्याचं तुटलेलं टोक रुतलं होतं. जप्त विळ्याला ते बरोबर जुळलं. पुरावा आहे, आता भिंतीला हात लावू नका, असं मी घरधनिणीला बजावलं. घरचा विळा बाळंतिणीच्या उशाशीच होता; लोखंड उशाशी ठेवायची रीत.

मुलीचा जबाब तिथेच, आईसमोर घेतला. "पह्यले विळा आला, मंग हात, मंग डोकं," ती म्हणाली. "बाबा बाजेपुढं उभे राह्यले."

संध्याकाळी कोठडीपाशी गेलो. "पोरगी आत होती हे का नाही सांगितलंस? फासावर गेला असतास!"

"तिले सासरी जाचं हाय साहेब. तिचं नाव कचेरीच्या कागदावर कायले?" मग स्वतःच म्हणाला, "पयला घाव भेवानं मारला. थो पडला. विळा हातातून सुटला. दुसरा कायले मारला, मले समजत नाही."

मला समजत होतं. त्या दुसऱ्या घावात आमच्या दोन शेऱ्यांचाही हात होता. पण पिनल कोडात अशा हाताला कलम नाही.

वरिष्ठ म्हणाले, "जुने शेरे कशाला उकरता? स्वतःचीच सही आहे." मी उकरले. शेरे चुकीचे होते आणि एक माझा होता, हे लिहून दिलं. दुसरा घावही लिहिला. लपवावा असं फार वाटलं, लपवला नाही. आजही ठरत नाही, तो प्रामाणिकपणा होता की नुसता ताठा. सेशन कोर्टाने त्याला सोडलं. त्या गडबडीत दोन घाव एकापाठोपाठच गेले, ते तोलून मारता येत नाहीत, असं मानलं. मला मात्र माहीत होतं की मधे एक क्षण होता.

हिवाळा सरला होता. तो सुटून आला त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. मागच्या भिंतीला आम्ही पाडलेलं भगदाड तसंच होतं. त्यावर बारदान लावलेलं. आतून मुलाचा खोकला ऐकू येत होता.

"अजून लिपलं नाही?"

घरधनीण म्हणाली, "तुमीच तं बोलले होते, भितीले हात नोका लावू म्हणून. मंग कोणी सांगाले आलंच नाही." तिने शेणाची पाटी पुढे ओढली. "आता लिपू काय साहेब?"