चौघांची तबकडी

भिंगारच्या जुन्या सामानाच्या दुकानदाराने मला फसवलं, मी त्याला नाही. परवा एका घरी कोंदट पुठ्ठ्याचा वास आला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं ते दुकान समोर उभं राहिलं. शेवगावात माझा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा तेव्हा नुकता जमला होता आणि जुन्या तबकड्या घ्यायला मी तिथे जायचो. बदली झालेल्या लष्करी साहेबांचं सामान त्याच्याकडे यायचं. त्यातली एक विलायती तबकडी त्याने लावली. कव्हरावर एकसारख्या कोटांतले चार गोरे पुरुष होते, पण गाणं असं मऊ, की एकाच गळ्याला चार पदर असावेत. शब्द कळत नव्हते, तरी यातला कोण कधी श्वास घेतो हे शोधत मी कान लावून बसलो. भाव ऐकून मात्र भडकलो आणि नेहमीसारखा पाठ फिरवून चालू लागलो, म्हणजे दुकानदार हाक मारतो. त्याने मारलीच, "या पाव्हनं, तुमचंच खरं!" तोवर कव्हर कागदात बांधून तयार होतं. घरी लावली तर एकच माणूस सावकाश इंग्रजीचे धडे देत होता. बायको म्हणाली, "अन् बाकीचे तिघं कुठं गेलेत, च्या प्यायला?" मी तिरमिरीत परत गेलो, तर दुकानदार म्हणाला, "तवाच कागद सोडून का न्हाई बघितलं?" तसं गाणं मला पुन्हा कुठेच ऐकायला मिळालं नाही. त्या दुकानदाराचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो आणि भाव पाडून मीच त्याच्या बापाला फसवलं म्हणतो. माझी पाठ वळली तेव्हा बापाने ती तबकडी कुणासाठी काढून ठेवली, हे त्याने मला तोंडावर सांगावं.