सुगतच्या नावाची नऊ कार्डं

नवी मुंबईतल्या महाप्याच्या त्या कंपनीत शर्मिलाताईंचं काम म्हटलं तर साधं होतं. कुणाचं काय राहिलं, ते बघायचं. बारा जणांची टीम. प्रत्येकाची कामं कॉम्प्युटरच्या बोर्डावर कार्डं करून मांडलेली. दर दुसऱ्या शुक्रवारी पंधरवडा संपायचा आणि उरलेली कार्डं पुढे ढकलायची, दुसऱ्याला द्यायची की रद्द करायची, हे ताई ठरवायच्या. जगातली निम्मी भांडणं उरलेल्या कामांवरून होतात, पण या टीममध्ये कधी झाली नाहीत. ताई एकेक कार्ड मोठ्याने वाचत आणि ज्याचं त्याला विचारत, "का राहिलं?" आळस केला म्हटलं तरी चालायचं. थाप चालायची नाही. मिळालेलं उत्तर कार्डावरच्या कारणाच्या रकान्यात लिहून टाकत.

मार्चमध्ये सुगतची आई वेणूबाई नावडे गावच्या घरात पडल्या आणि त्यांचं अर्धं अंग लुळं झालं. सुगत टीममधला सगळ्यांत नवा, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलेला. घरात मायलेक दोघंच. तो बिनपगारी रजेवर गेला तेव्हा बोर्डावर त्याची नऊ कार्डं होती.

रीतीप्रमाणे ती इतरांना वाटून द्यायला हवी होती. ताईंचा हात धजावला नाही. त्या कोकणातल्या. त्यांच्याकडे बाहेर गेलेल्या माणसाचं ताट वाढून झाकून ठेवत, ते दुसऱ्या कुणापुढे सरकवत नसत. नाव पुसलं की पोराची जागाच गेली, असं त्यांच्या मनाने घेतलं. कामं घाईची नव्हती. त्यांनी नऊच्या नऊ कार्डं त्याच्याच नावाने पुढे ढकलली, एकदा नाही, तीनदा. आणि कारणाचा रकाना कोरा सोडला. घरचं दुखणं चारचौघांत कशाला मांडायचं?

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. कुणाला कायम करायचं ते वरच्या मजल्यावर रणजीत साहेब रिपोर्ट बघून ठरवत. रिपोर्टात सुगतच्या नावापुढे आलं: नऊ कामं अपुरी, तीन वेळा पुढे ढकललेली, कारण नाही. रजेची नोंद दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि एकाच कंपनीतल्या या दोन सॉफ्टवेअरांची एकमेकांशी ओळख नव्हती. सुगतला कामावरून कमी केल्याचं पत्र निघालं.

ताई जिना चढून वर गेल्या. "साहेब, तो रजेवर होता. चूक माझी आहे, त्याची नाही."

रणजीत साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्क्रीनकडे दोनदा पाहिलं. "शर्मिला, हे एका ओळीत लिहिलं असतंस तरी पुरलं असतं गं. आता ती जागा पुण्याच्या टीमला दिली. अनुभवाचं पत्र चांगलं देतो, एवढंच माझ्या हातात आहे."

शेवटच्या दिवशी सुगत काम सोपवायला आला आणि ताईंशेजारी खुर्ची ओढून बसला. कोणतं कार्ड टीममधल्या कुणाला द्यायचं ते तो सांगत होता, ताई त्याचं नाव काढून दुसऱ्याचं घालत होत्या. चार झाली आणि त्यांना पुढे जाता येईना.

"सुगत, तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. मी तुझं नाव ठेवलं, पण खरं लिहिलं नाही."

त्याने स्क्रीनवरच्या आपल्या उरलेल्या पाच कार्डांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, मी दवाखान्यात मोबाईलवर बोर्ड उघडायचो. बाकीच्यांची कार्डं इकडून तिकडं जायची, माझी मात्र तशीच माझ्या नावावर. आईला बोलता येत नाय, पण टेन्शन कळतं तिला. मी स्क्रीन दाखवायचो. बघ, माझं नाव हाय अजून, नोकरी हाय. मग ती जेवायची."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"आता काय सांगितलंस तिला?"

"अजून सांगितलं नाय," सुगत म्हणाला. "पाचवं कार्ड संघप्रियाला द्या."