आधी हात धुवा

"आदी हात धुवून या. भांडण कुठं पळून चाललं न्हाई."

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं वाजलं आणि तक्रार घेऊन कुणी सिस्टरांच्या दारात आलं, की हे वाक्य ठरलेलं. दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, म्हणून सगळ्यांच्याच सिस्टर. तिसगावच्या अलीकडं आमची वस्ती, तिथं पत्र्याचं चर्च आणि त्याला लागून त्यांची खोली. माणूस तणतणत यायचा, मोरीवर हात धुवायचा, आणि हात कोरडे होईपर्यंत त्याचा निम्मा राग उतरलेला असायचा.

उरलेल्या निम्म्यासाठी परात होती. आमच्याकडं प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीनं सगळे एकेक तुकडा खातात त्याला, बेकरीचा पाव नसतो, घरची चपाती असते. ती करायचं काम सिस्टर मुद्दाम अबोला धरलेल्या दोघांना द्यायच्या. एकानं मळायचं, दुसऱ्यानं लाटायचं. पुरुष असले तरी सुटका नाही. आमच्या पाळकसाहेबांनी आणि पेटीवाल्यानं मिळून केलेली चपाती मी खाल्ली आहे. तिला चपाती म्हणायलाही मोठं मन लागतं.

माझी आई आणि काकू मात्र सिस्टरांनाही भारी पडल्या. ताईच्या लग्नपत्रिकेत काकांचं नाव छापायचं राहिलं आणि झालं, दोघी जावा चर्चमध्ये दोन टोकांना बसू लागल्या. असं तुमच्याही भावकीत कुठंतरी असेलच. पुढं काकूच्या मुलाचं, विनूचं लग्न ठरलं. आम्ही दोघं एका ताटात जेवून वाढलेलो. आईनं मला बजावलं, "त्या मांडवात पाय ठेवलास तर माझ्याशी बोलू नको."

मला घास गोड लागेना. सिस्टरांकडं गेलो, तर मलाही हात धुवायला लावले. मग म्हणाल्या, "लग्नाच्या आदी प्रभुभोजन हाय ना? धाड दोगींना."

दोघी आल्या. दोघींची बाळंतपणं सिस्टरांनीच केलेली, नाही म्हणायची टाप कुणाची? पण एकमेकींशी एक शब्द नाही. आईनं पिठात मीठ टाकलं, काकूनं पाण्यात. विचारायचं कुणी कुणाला?

उपासनेत तुकडा तोंडात पडला आणि सगळ्या मंडळीची तोंडं वाकडी झाली. पवित्र घास, थुंकताही येईना. पाळकसाहेबांनी डोळे गच्च मिटले, ते काही भक्तीनं नव्हे. आईनं काकूकडं पाहिलं. काकूनं तोंडात पदर कोंबला. मग दोघींचेही खांदे हलायला लागले.

बाहेर आल्यावर काकू म्हणाली, "आक्का, तुमी बी टाकलं व्हय?"

इतक्या दिवसांनी ती आईशी बोलली, तेही मिठावरून. सिस्टर तांब्याभर पाणी पिऊन म्हणाल्या, "लई झ्याक झाल्ती चपाती." विनूच्या हळदीत आई सगळ्यांच्या पुढं नाचत होती आणि मी त्याच्या शेजारी बसलो होतो.

यंदा उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, उगाच दडवू कशाला. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला चपाती कुणी करायची, हे सांगायला कुणी नव्हतं. आई आणि काकू आपणच निघाल्या. मी सिस्टरांच्या खोलीचं कुलूप काढून दिलं आणि दारात उभा राहिलो. दोघींनी मोरीवर हात धुतले.

"मीठ टाकलं का गं?" आईनं विचारलं.

"टाकलं," काकू म्हणाली.

आईनं परातीकडं पाहिलं. मग तिनं डबा उघडला आणि मूठभर मीठ पुन्हा टाकलं. काकू मळत राहिली.

त्या रविवारी तो खारट घास खाताना कुणीही तोंड वाकडं केलं नाही.