नाडी चढली नाही

आमच्या घरात माझ्या नाडीची एक वही होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, आणि वर आबांच्या अक्षरात एकच शब्द: दम. आबा म्हणजे माझे वडील. फौजेत ते पीटीचे उस्ताद होते. पेन्शनीत निघून साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्यापुढे रांगेत उभं राहायला कुणी उरलं नव्हतं. त्यांच्याबरोबरचे काही बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले, काही वसाहतीतल्या कारखान्यांच्या गेटवर लागले. आबांनी मला रांगेत उभं केलं. एकटीची रांग.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी बारावीत होते. सकाळी सहाला समर्थ मंदिरापासून निघायचं आणि यवतेश्वरच्या घाटाने वर देवळापर्यंत धावत जायचं. आबा मागून मोपेडवर. वर पोचल्यावर मी मानेवर दोन बोटं ठेवायचे, ते घड्याळ बघून 'चालू' म्हणायचे, पंधरा सेकंदांनी 'बस' म्हणायचे. मी आकडा सांगायचे आणि ते वहीत लिहायचे. धावून आल्यावर माझा आकडा सेहेचाळीस यायचा. तो ऐकला की ते मान हलवून म्हणायचे, "आता दम लागला." इतरांच्या घरी मुलींना शाबासकी कशी देतात मला माहीत नाही, आमच्याकडे ती अशी होती.

मला धावायला आवडायचं हे लिहून ठेवायला हवं, कारण त्या वहीत ते कुठेच नाही. तिसऱ्या वळणानंतर छाती फुटायला यायची, पण पाय आपले चाललेले असायचे. ते माझ्याकडे काही मागायचे नाहीत. खाली अख्खं गाव धुरात असायचं आणि वर मी आणि माझी छाती.

मग उजव्या नडगीत कळ यायला लागली. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, बारीक चीर दाखवली आणि सहा महिने धावायचं नाही म्हणून सांगितलं. मी रडले. आबांनी रडू दिलं नाही. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगलीच्या एका जुन्या शर्यतवाल्याकडून वाकड्या हँडलची सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली. मला म्हणाले, "दम त्योच, पाय त्येच. फकस्त जमिनीवरनं उचलून पायडलवर ठेवायचं." फौजेत हा हिशेब बरोबर असेल. बुटातला माणूस काढून दुसऱ्या बुटात घालायचा, माणूस तोच.

पहिल्या दिवशी घाट चढले तेव्हा दुसऱ्या वळणावर माझ्या मांड्या पेटल्या. पुढे त्या दगडासारख्या झाल्या. गंमत अशी, की छाती अगदी शांत होती. धावताना दम आधी संपायचा आणि पाय उरायचे. सायकलवर पाय आधी संपले आणि दम नुसता पडून राहिला. वर पोचल्यावर मला उभं राहवेना, दगडावर बसले. बोटं मानेवर ठेवली. 'चालू.' 'बस.'

"अडतीस," मी म्हणाले.

आबांनी मागचं पान उलटून पाहिलं. "परत मोज."

परत मोजायचा काही उपयोग नव्हता, तोवर आकडा आणखी खाली आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्या मानेवर बोटं ठेवली. त्यांनाही अडतीसच मिळाले. तिसऱ्या दिवशी सदतीस. आठवडाभर त्यांनी स्वतः मोजलं, वहीत दोन रकाने पाडले, एक पळण्याचा, एक सायकलचा, आणि रविवारी जेवताना आईसमोर निकाल सांगितला.

"ही खोटं बोलत न्हाई. नाडी बरोबर सांगती. म्हंजी जोरच लावत न्हाई."

"आबा, पाय भरून येतात," मी म्हणाले.

"पाय भरायचं तर दम नगं का लागाय? माज्या समोर तू घाटात बोलत व्हतीस. दम लागलेला माणूस बोलतो व्हय? कामचुकारपणा हाय ह्यो."

आई भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "आवं, पोरीला चालता येईना कालपासनं." त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आकड्यापुढे आईचं कोण ऐकतो.

मला पदक नको होतं, नंबरही नको होता. माझे पाय खरोखर भरून येतात, एवढं एकदा त्यांनी मान्य करावं, बस. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीची मागणी याहून लहान असू शकत नाही. पण ज्या गोष्टीला आकडा नाही ती आबांच्या लेखी घडलेलीच नसायची, आणि मांडीतल्या आगीला आकडा नव्हता. याचा मला आजही राग येतो. जास्त राग याचा येतो, की त्या मोपेडला तीव्र वळणावर चढवेना झालं की आबांना खाली पायडल मारावे लागायचे, आणि चार पायडल मारले की ते स्वतः मांडी चोळायचे. मी पुढून वळून बघायचे. त्यांना ते दिसलं नाही, मला दिसलं.

महिना-दीड महिना असा गेला. रोज वर पोचायचं, रोज अडतीस-एकोणचाळीस, रोज तोच शब्द. एव्हाना आबांनी स्वतः मोजायचं सोडलं होतं, कारण मी खोटं बोलत नाही हे सिद्ध झालं होतं. मग एका सकाळी बोटं मानेवर होती, आकडा एकोणचाळीस होता आणि मी म्हणाले, "पंचेचाळीस."

ठरवून म्हणाले नव्हते. ओठावर आलं ते बोलून गेले.

आबांनी लिहिलं. मान हलवली. "आता दम लागला." उतरताना राजवाड्यावर मोपेड थांबवली, कागदात दोन कंदी पेढे बांधून घेतले आणि एक माझ्या हातावर ठेवला. खरं बोलत होते तेव्हा कामचुकार ठरले, खोटं बोलले त्या दिवशी पेढा मिळाला. पेढा मी खाल्ला. चांगला होता.

त्यानंतर मी रोज चव्वेचाळीस, पंचेचाळीस सांगत राहिले. एकदा सत्तेचाळीस सांगितलं तर त्यांना काळजी वाटली, म्हणून पुन्हा खाली आले. वेळही सुधारत होती, कारण मी हडकुळी होते आणि घाटात हडकुळ्या माणसाचं फावतं. वजनच कमी असलं तर चढावर ओढायचं किती. आबांनी रकाने जुळवले, पळण्याची नाडी आणि सायकलची नाडी एक झाली, म्हणजे पळणारी पोरगी पुरती सायकलवर आली, असा अर्थ काढला आणि सांगलीच्या निवड चाचणीला माझं नाव दिलं.

सांगलीला घाट नाही. तासगावच्या बाजूला जाणारा रस्ता, दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा, समोरून वारा आणि सगळं सपाट. आम्ही नऊ मुली होतो. पहिल्या पाच मिनिटांत मला कळून चुकलं, की सपाटीवर हडकुळेपणाचं कुणाला कौतुक नसतं. तिथे मांडी लागते. मिरजेच्या बाजूच्या एका जैन शेतकऱ्याची मुलगी माझ्या शेजारी होती, माझ्या दोन मांड्या मिळून तिची एक झाली असती. ती नुसती बसल्या जागी पायडल फिरवत होती आणि माझ्यात आणि तिच्यात अंतर पडत होतं. छाती माझी मोकळी होती. मी मोठ्याने शिव्या देऊ शकत होते, आणि दिल्याही. पाय मात्र ऐकेनात. मी शेवटची आले. आठवी मुलगी येऊन पाणी पिऊन, कपडे बदलून उभी होती.

आबा रेघेपाशी वही घेऊन उभे होते. बाकीच्या मुलींबरोबर त्यांचे शिक्षक होते, भाऊ होते. सगळे बघत असल्यामुळे असेल, त्यांनी या वेळी माझ्यावर सोपवलं नाही. मी सायकलवरून उतरायच्या आत मानेवर बोटं ठेवली.

"छत्तीस," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "घाटात पंचेचाळीस आन् हितं छत्तीस. नाडी चढली न्हाई. ही पोरगी आज आलीच न्हाई शर्यतीला."

कुणीतरी हसलं. त्या हसण्यामुळे असेल, मी खरं सांगून टाकलं. "घाटातले आकडे खोटे होते आबा. मी सांगत होते तेवढे. खरे नेहमी एवढेच असायचे."

त्यांनी वही मिटली. पेनचं टोपण लावलं. मला वाटलं आता तरी विचारतील, मग खरं काय होतं. ते म्हणाले, "खोटारडी," आणि सायकल घेऊन चालू लागले.

नळावर तोंड धूत होते तेव्हा ती मिरजेकडची मुलगी आली. पहिली आली होती, पण तोरा नव्हता. म्हणाली, "तू पळणारी हायस न्हवं? दम लय चांगला हाय गं तुजा. पाय अजून सायकलीचं झालं न्हाईत. मलाबी दोन वर्सं लागली." इतकं सोपं होतं. एवढंच वाक्य. ते मला कुणीतरी सहा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं, किंवा निदान आत्ता आबांच्या कानावर पडायला हवं होतं. मी वळून पाहिलं. आबा लांब रस्त्याकडेला एसटीच्या टपावर सायकल चढवत होते, कंडक्टरला दोरी कशी बांधायची ते शिकवत होते.

ते पुन्हा घाटात आले नाहीत. नडगी बरी झाली, मी दोन-चार वेळा एकटी धावून पाहिलं. वर पोचल्यावर हात आपोआप मानेकडे जायचा, आणि 'बस' म्हणायला कुणी नसायचं. मग तेही सोडलं. शिकले, लग्न झालं, योगायोगाने सांगलीतच दिलं. आबा वर्षातून दोनदा यायचे, नातवाशी बोलायचे. माझ्याशी बोलायचे ते पाणी कधी येतं आणि गाडी कितीची आहे, एवढंच.

त्या चाचणीला सात वर्षं झाली आणि आबांच्या छातीत दुखायला लागलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगलीला तपासायला सांगितलं. गुडघे धरले होते म्हणून त्यांना चालायच्या पट्ट्यावर उभं केलं नाही. जागच्या जागी फिरणारी सायकल होती, तिच्यावर बसवलं. छातीला वायरी लावल्या. मी त्यांचा शर्ट हातात घेऊन भिंतीला टेकून उभी होते. समोरच्या पडद्यावर त्यांच्या नाडीचा आकडा दिसत होता, इथे अख्ख्या मिनिटाचा. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, एकशे तीसपर्यंत न्यायचीय. लावा जोर."

आबांनी जोर लावला. आकडा नव्वद झाला, शंभर झाला, एकशे चारवर येऊन थांबला. बाईंनी सायकल आणखी जड केली. त्यांचे पाय थरथरायला लागले आणि थांबले.

"छातीत दुखतंय का?"

"न्हाई."

"दम लागलाय?"

"दम न्हाई लागला," आबा म्हणाले. "पाय भरलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सात वर्षं या शब्दांची वाट बघत होते असं म्हणणार नाही, पण उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"नाडी चढली नाही आबा," मी म्हणाले. "तुम्ही जोरच लावत नाही."

त्यांनी खाली पाहिलं. हँडल घट्ट धरलं आणि पुन्हा पाय मारायला लागले. साठीचा माणूस, उघडा, वायरींत गुंतलेला. मी थांबवलं नाही. शेवटी बाईंनीच पुढे होऊन यंत्र बंद केलं आणि माझ्यावर जरा चिडूनच म्हणाल्या, "अहो ताई, असं काय बोलताय? सायकलची सवय नसली की असंच होतं. पाय आधी दमतात, छातीवर ताण पोचतच नाही. रोज बघतो आम्ही."

आबा सीटवरून उतरले नाहीत. वायरी निघाल्या तरी बसून राहिले. मग बाईंना म्हणाले, "हिचंबी असंच व्हायचं."

मला म्हणाले नाहीत. बाईंना म्हणाले.

बाई कागद फाडता फाडता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे? यांनाही छातीचा त्रास आहे का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "ती पळायची."