व्हॅम्पायरच्या खेळातलं मडकं

दर रविवारी दुपारी आम्ही कॉलेजपासूनचे पाच जण पळसदरीला एका मित्राच्या घरी व्हॅम्पायरचा गेम खेळतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एका व्हॅम्पायरची भूमिका घ्यायची, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची, अडलं की फासे टाकायचे. माझी व्हॅम्पायर म्हणजे मेलेल्यांना बोलावणारी मांत्रिक बाई. तिच्या विधीचं भांडं मी ठरवायचं होतं. गेम चालवणाऱ्या मित्राने सुचवलं, चांदीचा पेला, त्यावर कवटी. मी कडावच्या कुंभाराकडे गेले आणि स्मशानात नेतात तसं मडकं मागितलं.

"कोन गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाय, काका. खेळायला पायजे."

"एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी?" म्हणाले, पण मडकं दिलं.

माझे वडील गेले तेव्हा खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती चुलतभाऊ फिरला. मी एकुलती एक, आणि मला स्मशानात येऊ दिलं नाही. घरोघरी दूध घालून वडिलांनी मला बी.ए. केलं, आमच्या घरातली पहिली. त्यांच्यासाठी तीन फेऱ्या मारायला मात्र मी कोणाला चालले नाही. ते मी आजही मान्य केलेलं नाही.

मडकं पाहून मंडळी मागे सरकली.

"हे नको गं, अपशकुन असतो," एक जण म्हणाला. मागच्याच रविवारी त्याने खेळात अख्खं गाव रक्त पिऊन संपवलं होतं.

"पेला काय वाईट होता?" गेम चालवणारा म्हणाला.

"आपल्याकडे माणसाला पेल्याने निरोप देतात का? मग पेल्याने बोलावू कशी? मडकंच राहील, नायतर मी निघाले."

"बरं बाई. पण मडकं मी धरतो, तू मंत्र म्हण."

"मडकं मीच धरणार."

चितेच्या जागी अंगणात रिकामी खुर्ची ठेवली. मडक्यात पाणी भरून मी खांद्यावर घेतलं. पण भोक पाडायला मागून खडा दुसऱ्याने मारावा लागतो, आणि कोणी उठेना. शेवटी आमच्यातली दुसरी मुलगी उठली, अंगणातलाच एक खडा उचलून माझ्या मागे उभी राहिली.

"चल गं, मी मारते."

पहिली फेरी झाली. खडा बसला, पाण्याची धार माझ्या पाठीवर आली. गेम चालवणाऱ्याने फासे टाकले, वाकून पाहिले.

"आला बघ तुझा मेलेला. विचार काय ते."

"थांबू दे त्याला," मी म्हणाले. "अजून दोन फेऱ्या आहेत."