झाकणातला हायड्रा

आमच्या दाजींइतका माणसाला दमवणारा विद्वान उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. एक पेशी दुसरीला निरोप कसा देते, याचा शोध त्यांनी लातूरच्या कॉलेजात बसून घेतला, तोही आमच्या भागात कुणी असलं काही ऐकलंही नव्हतं तेव्हा. त्यासाठी घरात बरण्याबरण्यांतून हायड्रा पाळले होते. हा पाण्यातला इवलासा जीव. मुंडकं कापलं तरी नवं फुटतं. "मुंडकं गेल्याची खबर खालच्या पेशींना कोण देतं?" हे दाजी जेवताना, न्हाव्याकडे, मयतीला गेल्यावरही विचारत. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी मुलीच्या वडिलांनाही विचारलं. ते बिचारे देगलूरचे व्यापारी, म्हणाले, "आमच्या घराण्यात तसलं काही न्हाई." सोयरीक झाली, पण त्यात दाजींचा हात नव्हता.

लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. पाट्या आल्या, साहेब आले, पाणी तेवढं यायचं राहिलं. टँकर आला की माझी ताई हंडे भरायची आणि तिच्या सासूबाई त्यांत तुरटी फिरवायच्या. एका दुपारी त्यांना वाटलं, लेकाच्या किड्यांनीच गढूळ पाण्यात का राहावं? त्यांनी सगळ्या बरण्यांतूनही तुरटी फिरवली. संध्याकाळपर्यंत एक हायड्रा जिवंत राहिला नाही. "आईनं मायेनंच केलं," एवढंच दाजी म्हणाले आणि न जेवता उठले. आसपासच्या विहिरी कोरड्या पडलेल्या. नवे हायड्रा मिळाले नाहीत तर इतक्या वर्षांचं काम तिथंच संपणार होतं.

शेवटी मला घेऊन ते इस्लापूरला गेले. तिथला धबधबा नावापुरता उरला होता. खालच्या डोहात दिवसभर वाकून मूठभर हायड्रा हाती लागले. परतताना बरणी मांडीवर घेऊन दाजी एसटीत बसले. भोकर येईपर्यंत सगळ्या गाडीचे डोळे त्या नितळ पाण्यावर खिळले होते.

"घोटभर पाणी द्या की, बाबा," समोरची म्हातारी म्हणाली.

"यात जीव हायत, माय."

"अन् माझ्यात न्हाई का?"

 दाजींनी जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं, ड्रॉपरनं हायड्रा त्यात घेतले आणि उरलेलं पाणी रुमालानं गाळून म्हातारीला दिलं. तिथून लातूरपर्यंत ते झाकण दोन्ही हातांनी धरून बसले. नांदेडला गाडी बदलतानाही मी त्यांना दंडाला धरून उतरवलं. नाकावर माशी बसली तेव्हा, "हाकल तिला," एवढंच बोलले. रस्त्यावर खड्डेच जास्त. घरी पोचलो तेव्हा झाकणात एकच हायड्रा उरला होता.

त्या एकालाच पिल्लं फुटत गेली आणि त्यांच्यावर दाजींचं पुढचं सगळं काम झालं. परदेशातले शास्त्रज्ञ त्या कामाचा दाखला देऊ लागले. कुणी कौतुक केलं की दाजी म्हणत, "त्या म्हातारीचं नाव विचारायचं राहिलं."

दाजी गेले तेव्हा आम्ही गावोगाव खबर दिली. बरण्या ताईला दाजींचं दिवसकार्य उरकल्यावर आठवल्या. आत कोरडं पडलं होतं. आता मीही थकलोय, प्रवास फारसा सोसत नाही. तरी एसटीत कुणी पाणी मागितलं, की बाटली देतो आणि आधी नाव विचारून घेतो.