गोजरबाईचा विस्तव

अंबडच्या आमच्या गल्लीत चांगलं काय, असं कोणा पाहुण्यानं विचारलं की सगळे एकच सांगायचे, "इथं काडीपेटी लागत न्हाई." याचं कारण गोजरबाईची चूल. ही एकटी विधवा बाई रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायची आणि पहाटे घरोघरच्या बाया गोवरीवर तिचा विस्तव घेऊन जायच्या. तेवढ्यात कोणाचं पोर तापलंय, कोणाची सून रुसलीय, सगळं तिला कळायचं.

रझाकारांच्या धामधुमीत जो तो सोयऱ्यांच्या गावी पळाला. गोजरबाई म्हणाली, "मी आले तर चूल विझंल. मंग तुम्ही वापस आल्यावर काय करताल?" ती एकटीच मागं राहिली.

पोलीस अ‍ॅक्शननंतर लोक परतले ते काडीपेट्या घेऊन, अन् दाराला आतून कडी लावायची सवय घेऊन. गोजरबाई पहाटे निखारे फुंकून उंबऱ्यावर बसायची. कोणी फिरकायचं नाही. काय मोठे साहेब झाले होते एकेक!

त्या हिवाळ्यात ती गेली, ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. पूर्वी उजाडायच्या आत कळलं असतं.

तिरडीपुढं मडक्यात घरचाच विस्तव न्यायचा असतो. तिची चूल तर थंडगार. शेजारचा रखमाजी मडकं घेऊन दारोदार फिरला, पण कोणाच्याच चुलीत निखारा नव्हता. शेवटी तो गोजरबाईच्या उंबऱ्यावर येऊन बसला आणि त्यानं खिशातून काडीपेटी काढली.